मायकल अरोयोला मराठी शाळेत बसू द्या

उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळांचे शिक्षक, संचालक आणि पालक यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

पुढच्या वर्षाच्या पुस्तकांच्या याद्या सध्या ठिकठिकाणी ठरत असतील. मोठ्या गटासाठी, म्हणजे 11 ते 13 वर्षांच्या मुलांसाठी, त्या यादीत एक इंग्रजी कादंबरी घ्यावी, एवढी विनंती करायला हे पत्र लिहिते आहे. कादंबरीचं नाव ‘हीट’, लेखक माईक लुपिका. 2006 साली आली. विषय बेसबॉल. नायक मायकल अरोयो, क्यूबातून आलेला 12 वर्षांचा मुलगा, आणि त्याच्या घरात वडील नाहीत.

मराठी शाळेच्या यादीत इंग्रजी पुस्तक, आणि तेही बेसबॉलचं, हे ऐकून भुवया वर जातात हे मला ठाऊक आहे. एका शाळेच्या बैठकीत मी हा विषय काढला होता. ‘आधीच एप्रिल लागला की पोरं मैदानाकडे पळतात, आता आपण पुस्तकातूनही तेच शिकवायचं का?’ असं एक बाई म्हणाल्या. सगळे हसले आणि गाडी स्नेहसंमेलनाच्या जेवणाकडे वळली. प्रश्न मात्र रास्त होता, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

लिटल लीगचे, म्हणजे मुलांच्या बेसबॉलचे, सामने शनिवार-रविवारी असतात आणि आपले वर्गही तेव्हाच. वसंत ऋतूत हजेरी गळते ती त्यामुळे. आपण दरवर्षी पालकांना ई-मेल पाठवतो, दाखल्याची आठवण करून देतो, आणि मुलं दरवर्षी तेच करतात: वर्गात येतात ती अंगात टीमचा शर्ट घालून, बाराला पाच कमी असताना दप्तर आवरायला लागतात आणि गाडीतच बूट बदलतात. त्यांच्या आठवड्यातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस मैदानावर जातो आणि आपण त्या दिवसाबद्दल त्यांच्याशी मराठीत एक वाक्य बोलत नाही. डगआऊटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेत, काय झालं, कोच कुणावर ओरडला, कुणाला शेवटच्या इनिंगपर्यंत बाकावर बसवलं, हे सगळं इंग्रजीतच राहतं. मग आपल्याकडे उरतात गणपतीची आरती, शिवरायांचे प्रसंग आणि ‘माझा आवडता प्राणी’. मला तिन्हींबद्दल आदर आहे. पण ज्या भाषेत मुलाला आपल्या दिवसाबद्दल काही सांगताच येत नाही, ती भाषा तो 15व्या वर्षी सोडून देतो, आणि त्याबद्दल आपण त्यालाच बोल लावतो.

आता पुस्तकाविषयी. मायकल अरोयो न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात राहतो, यँकी स्टेडियमच्या इतक्या जवळ की प्रेक्षकांचा गलका घरात ऐकू यावा. आत जायला तिकिटाचे पैसे नाहीत. डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आहे आणि त्याचा चेंडू त्याच्या वयाच्या मानाने भलताच वेगवान आहे. सुरुवातीलाच शेजारच्या म्हाताऱ्या मिसेस कोरांची पर्स हिसकावून एक चोर पळत असतो आणि मायकल हातातला चेंडू फेकून त्याला आडवा करतो. दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात इथे टाळ्या पडल्या असत्या. इथे पोलीस येतो, कौतुक करतो आणि वडिलांची चौकशी करतो, आणि मुलाला कधी एकदा इथून निसटतो असं होतं. कारण त्याच्या घरात मोठं माणूस म्हणजे 17 वर्षांचा भाऊ कार्लोस. आई पूर्वीच गेली. वडिलांनी दोघांना घेऊन होडीतून क्यूबा सोडली, न्यूयॉर्क गाठलं, आणि मग तेही वारले. ही गोष्ट दोघं भाऊ जगापासून लपवून ठेवतात. कुणी विचारलं तर ‘पापी मायामीला गेलेत, एक नातेवाईक आजारी आहे’. पापी म्हणजे स्पॅनिशमध्ये बाबा. कार्लोस 18 वर्षांचा होईपर्यंत वेळ काढायची, नाहीतर सरकारी माणसं येतील आणि दोघांची ताटातूट करतील, असा सगळा हिशोब. त्यात मायकलचा खेळ पाहून धास्तावलेले विरोधी संघाचे कोच शंका काढतात: हा मुलगा 12 वर्षांचा नाहीच, जन्मदाखला दाखवा. दाखला आहे हवानात. आणि तो आणायचा तर वडील हवेत.

इथे मराठी वाचकाला थांबावंच लागतं. जन्मतारखेच्या दाखल्याचं दुखणं आपल्याइतकं कुणाला कळणार? आपल्या आईवडिलांच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस 1 जूनला येतो. पोराला शाळेत घालायला नेलं, मास्तरांनी तारीख विचारली, घरच्यांना ती सांगता येईना, मास्तरांनी शाळा सुरू होण्याच्या बेताने 1 जून टाकली आणि पुढे पेन्शनपर्यंत तीच चालली. आजीला विचारलं तर ती ‘पानशेत फुटलं त्या साली’ किंवा ‘कोयनेच्या भूकंपानंतर, थंडीत’ असं सांगते. म्हणजे 1961 किंवा 1967. तिचा हिशोब चोख असतो, फक्त तो कुठल्याच फॉर्मवर बसत नाही. आणि आपल्यापैकी कितीतरी जणांनी ग्रीन कार्डाच्या फाईलसाठी हीच वणवण केली आहे: जन्म नोंदलेला आहे पण दाखल्यावर बाळाचं नावच नाही, मग नगरपालिकेचं पत्र आणा, मामाचं आणि आत्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या, नोटरी गाठा, आणि वकिलाला स्पेलिंगमधल्या एका अक्षराचा फरक समजावून सांगा. मायकलची अडचण वर्गातल्या मुलांना समजावून द्यायला मला हवाना लागणार नाही. त्यांच्या आजोबांना एक व्हिडिओ कॉल लावला की काम होईल.

लुपिका न्यूयॉर्कचे क्रीडा पत्रकार. त्यामुळे वयाच्या दाखल्याचा हा प्रसंग वाचताना 2001 चा उन्हाळा आठवतोच. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण मुलं हे विचारणारच. लिटल लीग 1939 साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला सुरू झाली आणि 1947 पासून तिची जागतिक स्पर्धा आधी तिथे आणि 1959 पासून शेजारच्या साउथ विल्यम्सपोर्टला होते. 2001 मध्ये ब्रॉन्क्सचा एक संघ तिथे पोचला. बहुतेक मुलं डॉमिनिकन कुटुंबांतली. त्यांचा पिचर डॅनी अल्मोन्टे याने फ्लोरिडाच्या संघाविरुद्ध परफेक्ट गेम टाकला: 6 इनिंग, 18 फलंदाज, एकही बेसवर पोचला नाही, 16 जण स्ट्राइकआऊट. मुलांच्या मैदानावर पिचर आणि फलंदाज यांच्यात 46 फुटांचं अंतर असतं, मोठ्यांच्या मैदानावर साडेसाठ. ताशी 75 मैलांचा चेंडू 46 फुटांवरून आला की फलंदाजाच्या हातात सेकंदाचे चार दशांश उरतात. मोठ्यांच्या मैदानावर तेवढाच वेळ द्यायला चेंडू ताशी शंभरच्या आसपास लागतो. समोरची मुलं बॅट फिरवेपर्यंत चेंडू कॅचरच्या हातात. सगळं शहर त्या संघावर खूश होतं. प्रतिस्पर्ध्यांना आधीपासून संशय होता, त्यांच्यातल्या काहींनी खासगी गुप्तहेरही लावले होते. अखेर ऑगस्ट संपता संपता डॉमिनिकन रिपब्लिकमधली मूळ नोंद सापडली. डॅनीचा जन्म 1989 चा नसून 1987 चा होता. मुलगा 12 चा नव्हता, 14 चा होता. संघाचे निकाल रद्द झाले, वडिलांवर आणि लीगच्या प्रमुखावर आजन्म बंदी आली. मुलाला दोषी धरलं नाही, कारण कागद मोठ्या माणसांनी केले होते. दोन आठवड्यांत 11 सप्टेंबर उजाडला आणि त्या शहराला दुसरं काही दिसेनासं झालं.

कादंबरीत हाच प्रसंग उलटा करून ठेवला आहे. तिथे मुलगा खरंच 12 चा आहे आणि कागद नाही. प्रत्यक्षात कागद होता आणि मुलगा 12 चा नव्हता. ही दोन टोकं वर्गात शेजारी ठेवली की मुलं आपोआप बोलू लागतील. ‘कोचने शंका घेतली तर चुकलं काय?’ असं एक जण विचारेल आणि ते बरोबरच विचारेल. दुसरा विचारेल, गोऱ्या मुलाचा चेंडू असाच वेगवान असता तर दाखला मागितला असता का? यातलं कुठलंच उत्तर मला आधी ठरवून द्यायचं नाही.

वय चोरण्यामागचं अर्थकारणही मुलांना सांगायला हवं, नाहीतर ‘ते लोक खोटारडे’ एवढंच डोक्यात बसेल. मेजर लीगच्या खेळाडूंपैकी साधारण चौथा हिस्सा अमेरिकेबाहेर जन्मलेला आहे आणि त्यात डॉमिनिकन सर्वांत जास्त. तिथल्या मुलाला 16व्या वर्षी करार मिळू शकतो. तोच चेंडू 16व्या वर्षी टाकला तर मोठी रक्कम, 19व्या वर्षी टाकला तर कुणी ढुंकून पाहत नाही. ऊसतोडीच्या गावात वाढलेल्या पोराच्या हातात दोन-तीन वर्षं कमी दाखवणारा कागद दिला की सगळ्या घराचं नशीब पालटू शकतं. 2001 नंतर व्हिसासाठी कागद काटेकोर तपासले जाऊ लागले, तेव्हा कितीतरी खेळाडू एका रात्रीत दोन-तीन वर्षांनी म्हातारे झाले. मिगेल तेहादासारख्या मोठ्या खेळाडूने 2008 मध्ये कबूल केलं की सांगितलेल्या वयापेक्षा तो दोन वर्षांनी मोठा आहे. क्रिकेटच्या वयोगट स्पर्धांत हाडांची चाचणी का करतात हे ज्यांना माहीत आहे त्यांनी डॉमिनिकन लोकांना नावं ठेवण्याआधी जरा दम घ्यावा.

दुसरा आक्षेप बैठकीत उघड कुणी घेतला नाही, नंतर पार्किंगमध्ये घेतला. ‘आपण रीतसर आलो, रांगेत उभं राहून आलो. ही बेकायदेशीर आलेल्यांची गोष्ट आपल्या मुलांपुढे कशाला?’

आधी वस्तुस्थिती. मायकल क्यूबन आहे. क्यूबनांसाठी अमेरिकेने 1966 पासून वेगळा कायदा ठेवला आहे, ज्याखाली इथे रीतसर दाखल करून घेतलेला क्यूबन माणूस वर्षभरानंतर ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकतो. 1995 ते जानेवारी 2017 या काळात तर नियम असा होता की समुद्रात पकडला गेला तर परत, आणि पाय जमिनीला लागला तर राहू शकतो. म्हणजे ज्याला आपण पार्किंगमध्ये उभं राहून बेकायदेशीर म्हणतो आहोत तो मुलगा आपल्या रांगेतल्या कित्येकांपेक्षा ग्रीन कार्डाच्या जवळ होता. आपल्यातल्या ज्यांचा ग्रीन कार्डाचा अर्ज 2012 नंतर पडला आहे आणि जे अजून रांगेतच आहेत त्यांना मी याहून जास्त काय सांगू. आणि एच-4 वर, म्हणजे आईबापांच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधाराने, आलेलं आपलं मूल 21 वर्षांचं झालं की आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतं. चौथ्या वर्षी इथे आलेलं, इथल्या मैदानांवर वाढलेलं, पण वयाचा आकडा ओलांडला की त्याने आपली सोय आपण बघायची. कागदावरच्या वयाने आयुष्य अडवणं म्हणजे काय, हे आपल्या घरातल्या मोठ्या भावंडांना पुस्तक न वाचताच कळलेलं आहे.

क्यूबनांना उघडलेलं दार ग्वाटेमालाच्या किंवा होंडुरासच्या मुलाला उघडं नव्हतं, हेही वर्गात स्पष्ट सांगितलं पाहिजे. कादंबरी ते सांगत नाही. तिच्यात भीती आहे ती भावाभावांची ताटातूट होण्याची, आणि क्यूबन मुलांच्या बाबतीत ती भीती इतिहासातून आलेली आहे. 1960 ते 1962 या काळात 14 हजारांहून जास्त क्यूबन मुलं आईवडिलांशिवाय अमेरिकेत पाठवली गेली. काहींचे आईवडील महिन्यांनी आले, काहींचे वर्षांनी, काहींचे कधीच आले नाहीत. 1999 च्या नोव्हेंबरमध्ये एलियान गोन्झालेझ नावाचा पाच वर्षांचा मुलगा फ्लोरिडाजवळ समुद्रात सापडला. आई बुडाली होती, वडील क्यूबात होते, मायामीतले नातेवाईक मुलाला सोडायला तयार नव्हते, आणि जून 2000 मध्ये तो वडिलांबरोबर परत गेला तोवर दोन देशांची सरकारं त्याच्यावरून भांडत होती. त्यानंतर सहा वर्षांनी ही कादंबरी आली. मूल कुणाच्या ताब्यात, हा प्रश्न तिच्या प्रत्येक पानामागे आहे.

आणि ज्यांना रीतसर येण्याचंच फार कौतुक आहे त्यांना मोन्तेरेची गोष्ट सांगा. 1957 साली मेक्सिकोतल्या मोन्तेरेच्या मुलांचा संघ सीमेवरचा पूल चालत ओलांडून टेक्ससमधल्या मॅकॅलनला पायीच गेला. सामने हरून दोन-चार दिवसांत परत येऊ या बेताने व्हिसेही तेवढ्याच दिवसांचे घेतलेले. पण मुलं हरेनात. व्हिसे संपत आले, मग अधिकाऱ्यांना मध्ये घालून मुदत वाढवून घ्यावी लागली. अखेरीस विल्यम्सपोर्टच्या अंतिम सामन्यात आंखेल मासियासने परफेक्ट गेम टाकून कॅलिफोर्नियाचा संघ 4-0 ने हरवला. ती स्पर्धा जिंकणारा हा अमेरिकेबाहेरचा पहिला संघ. व्हिसाच्या मुदतवाढीची ही कथा आपल्या मुलांना परीकथेपेक्षा जवळची वाटेल, कारण मुदतवाढीची पत्रं येतात ती त्यांच्याच घरच्या टपालपेटीत.

आता वडिलांविषयी. खरं तर हे पुस्तक मला यादीत हवं आहे ते यासाठीच. बेसबॉल नसता तरी मी ते सुचवलं असतं.

आपल्या समाजात बाबा घरात असतातच, असं आपण धरून चालतो. निबंध ‘माझे बाबा’, स्नेहसंमेलनात बाबांचा रस्सीखेच संघ, पालकसभेला बाबा. प्रत्यक्षात कन्सल्टिंगमधला बाबा सोमवारी पहाटे विमान पकडतो आणि गुरुवारी रात्री येतो, आणि चार-चार वर्षं हेच चालतं. नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर साठ दिवसांत दुसरी शोधायची असते, म्हणून बाबा दुसऱ्या राज्यात मिळेल तिथे रुजू होतो आणि बायको-मुलं शाळेचं वर्ष संपेपर्यंत मागे राहतात. काही घरांत आईबाबा वेगळे झालेले असतात आणि मंडळात ते कुणाला सांगितलेलं नसतं. काही बाबा गेलेले असतात. त्या मुलांना आपण सगळे इतकं सांभाळून घेतो की विषयच काढत नाही.

2020 मध्ये माझ्या वर्गात एक मुलगी होती. वर्ग झूमवर होता. तिचे बाबा त्या वर्षीच्या सुरुवातीला घरच्या एका दुःखद प्रसंगासाठी नाशिकला गेले, मार्चमध्ये अमेरिकी दूतावासांचं व्हिसाचं नेहमीचं काम बंद झालं, आणि जूनमध्ये अमेरिकी सरकारने एच-1बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांना नवे व्हिसे देणं थांबवलं ते पुढच्या मार्च अखेरपर्यंत. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी नेहमीप्रमाणे ‘माझे बाबा’ लिहायला दिलं. तिने लिहिलं की बाबा दर शनिवारी मला सॉफ्टबॉलला नेतात, ते स्कोअर लिहितात, त्यांना खूप भूक लागते आणि आम्ही परत येताना बेगल खातो. सगळी वाक्यं चालू काळात, शुद्धलेखन जवळजवळ निर्दोष. त्या शनिवारी मैदानांना कुलपं होती आणि बाबांना नाशिकला जाऊन सहा महिने झाले होते. तिच्या आईने हे मला नंतर सांगितलं, तेही ‘वर्गात कुणाला बोलू नका’ असं बजावून.

मायकल नेमकं हेच करतो. पापी मायामीला गेलेत, पापी पुढच्या आठवड्यात येतील. कादंबरीत वडील एका अर्थाने सगळीकडे आहेत: चेंडूवरची बोटं कशी धरायची हे त्यांनी शिकवलेलं, विल्यम्सपोर्टचं स्वप्न त्यांचं, माउंडवर, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावर, उभा राहिला की मुलगा बोलतो ते त्यांच्याशीच. लेखकाने त्यांना संत केलेलं नाही किंवा पळपुटाही केलेलं नाही. एक साधा माणूस होता, तो गेला, आणि मुलांनी तो गेल्याचं कबूल करणं लांबवलं. आपल्या शिक्षकांपैकी एकीने मला विचारलं की मुलगा पुस्तकभर खोटं बोलतो, हा संस्कार चांगला का? बाई, श्यामही खोटं बोलायचा की. फरक एवढाच की त्याची आई समोर होती, रागवायला आणि जवळ घ्यायला. मायकलला रागवायलाही कुणी नाही. 12 वर्षांच्या मुलाने आपल्या भावाजवळ राहता यावं म्हणून सांगितलेलं खोटं आणि 2 वर्षं लपवायला वडीलधाऱ्यांनी केलेला कागद, यांत कुणाला किती दोष द्यायचा, हे मुलांनाच ठरवू द्या. मोठ्या गटाला एवढं झेपतं.

पुस्तकात खोटी नाणीही आहेत, ती लपवत नाही. शेवटाकडे सगळं जरा जास्तच गोड जुळून येतं. एका मोठ्या खेळाडूची मुलगी ओळखीची निघावी आणि त्या धाग्याने वाटा मोकळ्या व्हाव्यात, हे ब्रॉन्क्समध्ये रोज घडत नाही. मायकलचा मित्र मॅनी इतकं मजेदार बोलतो की कधी कधी त्याच्या तोंडी पत्रकार बसल्यासारखा वाटतो. कार्लोस दोन-दोन नोकऱ्या करतो, पण त्याच्या मनात काय चाललं आहे तिथवर लेखक फारसा जात नाही, आणि मला तर तोच जास्त हवा होता. आणखी एक गोष्ट पुस्तकात असू शकत नव्हती, कारण ती त्याच वर्षी घडली: यँकी स्टेडियमशेजारचं मॅकोम्ब्स डॅम पार्क, जिथे आसपासची मुलं खेळायची, ते 2006 च्या ऑगस्टमध्ये नव्या स्टेडियमसाठी खणायला घेतलं. नवं स्टेडियम 2009 ला उघडलं. जुनं पाडून तिथे मुलांची मैदानं व्हायला 2012 उजाडलं. मधली सहा वर्षं त्या भागातल्या मायकल लोकांनी दुसरीकडे जागा शोधल्या. हेही वर्गात सांगा. मुलांना स्टेडियमची सहल आवडते, ती कशावर उभी आहे ते कळू द्या.

आता ‘मराठी शाळेत इंग्रजी पुस्तक कशाला’ याविषयी. पुस्तक घरी इंग्रजीत वाचायचं, वर्गात फक्त मराठीत बोलायचं. एवढाच नियम. भाषांतर करायचं नाही, सारांश लिहायचा नाही. आपल्याकडे मराठीतून वाचायला दिलेलं पुस्तक आई मोठ्याने वाचते आणि मूल फोन बघतं, हे सगळ्यांना माहीत आहे. हे पुस्तक ती स्वतः वाचतील. मग वर्गात 12 वर्षांच्या मुलाला ‘विरोधी कोचला तू काय म्हणाला असतास?’ असं विचारलं की त्याला मराठीत भांडावं लागेल, आणि भांडण्याइतकी भाषा पटकन दुसऱ्या कशाने येत नाही. पिचर, कॅचर, डगआऊट हे शब्द आहेत तसे राहू द्या. चेंडूला चेंडूच म्हणतील याची खात्री नाही, बॉल म्हणतील. म्हणू देत.

‘माझे बाबा’ हा निबंध मात्र यंदा यादीतून काढा. त्याऐवजी ‘आमच्या घरातून सध्या बाहेर असलेलं माणूस’ असा विषय द्या. कुणी आजीबद्दल लिहील, कुणी कॉलेजला गेलेल्या बहिणीबद्दल, कुणी बाबांबद्दल. ज्याला लिहायचं नाही त्याने मायकलच्या पापींबद्दल लिहावं. आणि आलेले निबंध भिंतीवर लावू नका.

पालकांना एक वेगळी विनंती. तुमच्या मुलाच्या संघात डॉमिनिकन, क्यूबन, मेक्सिकन, पोर्तो रिकन मुलं आहेत. तुम्ही त्यांच्या आईबापांशेजारी घडीच्या खुर्च्या टाकून दोन-दोन तास बसता आणि संत्र्याच्या फोडी वाटता. त्यांतल्या किती जणांची नावं तुम्हाला ठाऊक आहेत? माझ्या मुलाच्या संघातल्या एका आईला मी जन्मदाखल्याचं विचारलं. लिटल लीगच्या स्पर्धांसाठी वयाचा पुरावा आणि राहण्याच्या पत्त्याचा किंवा शाळेचा कागद जोडावा लागतो, नागरिकत्व कुणी विचारत नाही. ती हसत म्हणाली, तुमच्या फाईलची जाडी पाहून मला वाटलं तुम्हीच घाबरलेल्या आहात. खरंच होतं. मी पासपोर्ट, व्हिसा, आय-94 ही अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद, सगळं जोडलं होतं. त्यानंतर आमची ओळख वाढली. कुठल्या वकिलाकडे जायचं आणि कुठल्याकडे नाही, हे ती माझ्यापेक्षा चांगलं सांगते.

पुस्तक गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयात मिळतं. एकाच वेळी वर्गाला पुरतील एवढ्या प्रती आसपासच्या वाचनालयांतून मागवून घेता येतात, म्हणजे मंडळाच्या तिजोरीवर ताण नको. वर्गात बोलायचे प्रश्न मी मराठीत लिहून ठेवले आहेत. ज्यांना हवे त्यांना पाठवीन, त्यांत हवे ते बदल करा. वाचन मार्चमध्ये सुरू करावं, म्हणजे ट्रायआऊट संपून संघ ठरलेले असतात आणि मुलांच्या डोक्यात दुसरं काही नसतं. एप्रिलमध्ये सामना आणि वर्ग एकाच वेळी आले तर वर्ग सामन्यानंतर मैदानावरच्या बाकांवर घ्यावा. आमच्या गावात मी तो घ्यायला तयार आहे, शेजारच्या शाळांची मुलं आली तरी चालतील. पाणी आणि टोपी आपापली आणावी.

आपली,
मोठ्या गटाची एक शिक्षिका
न्यू जर्सी